पाच टोपीवाले आणि दारातली सून

सोलापूर, ११ मार्च १९३४

चि. सौ. सरोजिनीस विजयमालेचे आशीर्वाद, आणि सोबत वटारलेले दोन डोळे.

तुमची बोट सुखरूप लागली, हार्लेम नावाच्या गावात तुम्ही बिऱ्हाड केलंत आणि घरमालकीण रोज उठून खिडकीच्या काचा पुसते, एवढं तुझ्या पत्रावरून कळलं. बाकीचं मला लावता आलं नाही. 'हाय' आणि 'न्हाय' लिहायचं नाही, हे बोटीवर चढेपर्यंत तुला बजावलं होतं. चौथी पास झालीस ना गं? करकंबच्या शाळेत काय नुसत्या गोवऱ्या थापायला शिकवत होते?

असो. कामाचं लिहिते, नीट वाच. कमळूचं पत्र आलंय. साखरेच्या यंत्रांचं काम त्याला कंपनीत मन लावून शिकवतात. जूनमध्ये कंपनीचे मोठे साहेब आणि त्यांच्या मड्डमबाई परदेशातून शिकायला आलेल्या सगळ्या मंडळींना बायकांसकट अ‍ॅमस्टरडॅमचं मोठं म्युझियम दाखवायला नेणार आहेत. ज्या भावाला मी लहानाचा मोठा केला, त्याला तेवढ्यानंच धडकी भरली आहे. तो लिहितो, 'ताई, ही तिथं काय करील याचा नेम नाही. माझी मान खाली जाईल. मे महिन्यात एक कुटुंब परत हिंदुस्थानात निघालंय, त्यांच्याबरोबर हिला धाडून देऊ का?'

मी त्याला कळवलंय, जूनपर्यंत थांब, मी तिला इथून तयार करते. म्हणजे बाई, आता सगळं तुझ्या हाती आहे. त्या दिवशी चारचौघांत नीट वागलीस तर वर्षभर नवऱ्याजवळ राहशील. नाहीतर आहेच करकंब आणि आईच्या गुऱ्हाळातला चुलवा.

मी स्वतः पुण्याच्या पुढे गेले नाही, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणते. पण इतकी वर्षं मुलींना चित्रकला शिकवतेय. माझ्या वर्गात फळ्याच्या वर हॉलंडच्या चित्राची तपकिरी तसबीर आहे, मिलमधल्या एका विलायती मास्तरानं गावी जाताना शाळेला दिलेली. शिवाय मिशनच्या बाईंकडून जुनं प्रवासाचं पुस्तक मागून आणलंय. उंटावरून शेळ्या हाकते म्हण हवं तर. पण हाकणार.

तुमच्याकडे पोराला एकदम विहिरीत ढकलून पोहायला शिकवतात. मी तसं करणार नाही. आधी लहान म्युझियमं, मग मोठं. पहिल्यांदा तुमच्या हार्लेमातलंच बघ, पूर्वी ते निराधार म्हाताऱ्यांचं घर होतं म्हणे. ते दोनदा बघ, सवय होऊ दे. मग कमळूला म्हणावं, कालव्याच्या काठी एखादं जुन्या व्यापाऱ्याचं घर लोकांना बघायला ठेवलेलं असतं, तिथे ने. त्यानंतर लायडन. तिथे पूर्वी कापडाची ठाणं तपासून शिक्का मारायचे त्याच इमारतीत म्युझियम केलंय, सोलापूरच्या माणसानं ते बघितलंच पाहिजे. मोठं सगळ्यात शेवटी.

पाचवारी नेसायची. डोक्यावर पदर नको, तिथे बायका सरळ मान ठेवून चालतात. बूट काढायचे नाहीत, ते देऊळ नव्हे. चित्राला बोट लावायचं नाही. आणि तोंड उघडायचं नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची.

विजयमाला


हार्लेम, ८ एप्रिल

ती. वन्संच्या पायावर सरूचं डोकं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा ह्यांच्या समोर आणि एकदा जिन्यात बसून. शुद्ध लिहाय गेलं की मला कायबी सुचत न्हाय वन्सं, म्हणून हे पत्र असंच घ्या. पुढल्या वेळंला सुधारीन.

पाचवारी नेसले. कासोटा न्हाय तर मला चालताना कायतरी घरी इसरून आल्यागत वाटतं. पण नेसले.

तुमी सांगितलं त्या म्युझियमात गेलो. तितं एका चित्रात पाच म्हाताऱ्या हायत. काळी लुगडी म्हणा की, काळे झगे, आणि पांढऱ्या टोप्या. म्हाताऱ्यांच्या आश्रमाचा कारभार त्याच बघायच्या असं ह्यांनी वाचून सांगितलं. वन्सं, तुमी आणि आत्याबाई मला बघाय करकंबला आला व्हता तवा ओसरीवर जशा बसला व्हता, अगदी तशा बसल्यात. एक तर डिट्टो आत्याबाई. हात मांडीवर, आणि तोंडावर असं की, बघू तरी पोरीला काय येतं. माझ्या हातनं ऱ्हावलं न्हाय. मी वाकून नमस्कार केला, पाचींनाबी येगयेगळा. ह्यांनी कोपर धरून वडलं. तितला राखणदार हसला, पण वाईट न्हाय हसला.

दुसऱ्या रविवारी व्यापाऱ्याचं घर बघितलं. माणसं कुणी न्हाईत, सगळी मेली, पण ताटं मांडल्यालीच हायत. कुणी घर सोडून गेलं आणि आपण मागनं आत शिरलो असं मला वाटाय लागलं. स्वयंपाकघरात मातर जीव रमला. तांब्याची भांडी अशी लखलखत्यात की त्यात माझं तोंड दिसलं. मी ह्यांना म्हणलं, हितं चिंच मिळत न्हाय, मग कशानं घासत्यात ते विचारा. ते म्हणाले, असलं विचारत नसत्यात. तुमच्या पुस्तकात काय दिलं असलं तर कळवा.

मला परत धाडू नका म्हणून ह्यांना तुमीच सांगितलं, हे मी जलमात इसरणार न्हाय. तुमी म्हणाल तसं करीन. आईकडं जायला मला दुःख न्हाय, पण नवऱ्यानं लाजून परत धाडलेली म्हणून गेले तर आईचं गावात तोंड ऱ्हाणार न्हाय.

सरू


सोलापूर, २ मे

चि. सौ. सरोजिनीस आशीर्वाद.

चित्रातल्या पाच बायकांना पाच नमस्कार! धन्य आहेस. कपाळावर हात मारून घेतला मी. अगं ते कुणी देव नव्हेत आणि तुझ्या सासवाही नव्हेत, रंग लावलेलं कापड आहे. पुन्हा असं केलंस तर मी जून उजाडायच्या आत कमळूला लिहीन, पाठव हिला.

तुझं पत्र शिक्षिकांच्या खोलीत वाचून दाखवायची पाळी आली. सगळ्यांना उत्सुकता, भावजय विलायतेत आहे ना! मी वाचता वाचताच सुधारून घेतलं. नमस्कार गाळले, चिंच गाळली, 'रंगसंगती मनोहर आहे' असं एक वाक्य घातलं. हेडबाई म्हणाल्या, तुमची भावजय फार सुसंस्कृत दिसते. मी मान डोलावली. तेव्हा आता तू तशी हो.

भांडी कशानं घासतात ते पुस्तकात दिलेलं नाही.

आता मोठ्या म्युझियमचं. माझ्या वर्गातली तसबीर ज्या चित्राची आहे ते तिथे आहे. माझा डबा घेऊन वर्गात यायचीस तेव्हा ती पाहिली असशील, नसशील, तुझं लक्ष खिडकीबाहेर असायचं. पाच कापड तपासनीस आहेत, डोक्यावर मोठ्या काळ्या टोप्या, पुढ्यात मेज, त्यावर गालिचा आणि उघडी वही. आपल्या मिलमध्ये ठाण तपासणारे असतात ना, तसेच, पण मोठे मानकरी. साहेबांच्या मड्डमबाई तुम्हाला तिथे नक्की थांबवतील. तेव्हा तू गप्प न राहता एक वाक्य म्हणायचं, इंग्रजीत. 'व्हेरी फाइन कलर्स.' एवढंच. हळू, हसून, आणि लगेच पुढे सरकायचं. रोज दहा वेळा घोक.

एवढी एक परीक्षा पास हो. मग तुला कुणी परत पाठवत नाही, हा माझा शब्द.

विजयमाला


हार्लेम, १९ जून

ती. वन्संना नमस्कार.

मोठं म्युझियम बघितलं. लई मोठं आहे. चित्रं पुष्कळ आहेत. पाऊस होता. मी बरी आहे. तुम्ही मला शुद्ध लिहायला सांगितलं म्हणून थोडंच लिहिते.

सरोजिनी


सोलापूर, १२ जुलै

सरोजिनीस,

तुझं आणि कमळूचं पत्र एकाच डाकेनं आलं. तुझ्या पत्रात पाऊस आहे. त्याच्या पत्रात जे आहे ते वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळी मंडळी त्या चित्रासमोर जमलेली, साहेब बोलताहेत, आणि तू दारात आलीस ती एकदम डोक्यावर पदर ओढून, मान खाली घालून, उलट्या पावलांनी मागे गेलीस. मागून येणाऱ्या एका गृहस्थांच्या अंगावर आपटलीस. लोक हसले. कमळू लिहितो, 'ताई, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.' त्याचं काय चुकलं? गावभर सांगून ठेवलंय मी, सुसंस्कृत भावजय! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काय झालं काय तुला? भूत दिसलं का? तीन महिने मी इथे उन्हात तापलेल्या खोलीत बसून तुझ्यासाठी पुस्तकं धुंडाळतेय, लहान म्युझियमं दाखवून तुझी भीड घालवतेय, आणि ऐन वेळेला तू कच खाल्लीस. तुझ्यासाठी भावापुढे शब्द टाकला, तो गेला. त्यानं आता सप्टेंबरातल्या बोटीचं ठरवलंय. मला आता मध्ये पडायला तोंड उरलेलं नाही.

मागच्या आठवड्यात तुझी आई शाळेत येऊन गेली. गुळाची ढेप आणली होती. इन्स्पेक्ट्रेसबाई शाळा तपासायला आल्या होत्या, त्यामुळे मला फार बोलायला जमलं नाही. बरी आहे ती.

विजयमाला


हार्लेम, ५ ऑगस्ट

ती. वन्संना सरूचा नमस्कार.

आता जायचंच ठरलंय तर मला वाटतं तसं लिहिते. तुमाला हे पत्र कुणाला वाचून दाखवायचं न्हाय, तवा सुधारायचाबी तरास न्हाय.

त्या दिवशी पाऊस हुता आणि गाडी चुकली, म्हणून आमाला उशीर झाला. मंडळी आत गेली हुती. हे पुढं, मी मागं. दारात पाय ठिवला आणि समोर ती पाच माणसं. वन्सं, तुमच्या तसबिरीत ती वीतभर हायत. तितं ती जित्या माणसाएवढी हायत. आणि ती मान वर करून बघत्यात. दाराकडं. त्यांचं कायतरी महत्त्वाचं बोलणं चाललंय, आणि कुणीतरी मधीच दारात आलंय, कोण आलं म्हणून पाचीजण एकदम बघत्यात. एक तर निम्मा उठलाय. साहेब कुटं, मड्डम कुटं, मला कायबी दिसलं न्हाय. मला वाटलं, थोर माणसं बसल्यात आणि मी उघड्या डोक्यानं दारात उभी ऱ्हायले.

तुमाला आठवतंय का? लगीन होऊन मी नवी नवी सोलापुरात आले हुते. मिलमधली पाचसहा माणसं ह्यांना भेटाय आलीवती. मी पाण्याचा तांब्या घिऊन गेले, पदर खांद्यावर. ती समदी मान वर करून बघाय लागली. तुमी मला आत वडून दंडाला असा चिमटा घेतला की आठ दिवस निळं व्हतं. तुमी म्हणालात, 'थोर माणसं बसलेली असताना सून अशी दारात उभी राहते का? पदर घ्यायचा, मागं सरायचं, आणि बोलावल्याशिवाय आत यायचं नाही.'

तेच केलं मी. पदर घेतला, मागं सरले, आणि कुणी बोलवंल म्हणून दाराबाहेर उभी ऱ्हायले.

कुणी बोलवलं न्हाय. आतनं हसाय आलं. मग मड्डमबाईंनी ह्यांना कायतरी विचारलं, माझ्याकडं बघून. हे कायतरी बोलले. त्यातला एकच शबुद मला कळला, कारण मिशनच्या बंगल्यावर एक बाई पोरं सांभाळाय हाय तिला त्येच म्हणत्यात. आया. बायको घरी आजारी हाय, ही सोबत आलेली आया हाय, असं ह्यांनी सांगितलं. रातच्याला मी खोदून विचारलं तवा ह्यांनी हे कबूल केलं.

मंडळी दुसऱ्या दारानं पुढं गेली. मी तितंच. म्युझियम बंद व्हायच्या वक्ताला राखणदारानं मला एक खुर्ची आणून दिली, मग हे आले.

हे तुमाला मी कळवणार न्हवते. नवऱ्याची चुगली बहिणीकडं करायची न्हाय, एवढं मला आईनं शिकवलंय. पण तुमच्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी आईचं पत्र आलं. गावच्या मास्तरांकडनं लिहून घेतलंय. आई लिहिती, मी रंभीची, म्हंजी माझी, खुशाली विचाराय शाळेत गेले, तर तितं मोठ्या साहेबीणबाई बसल्याल्या. त्यांनी विचारलं ही कोण. मास्तरीणबाई म्हणाल्या, 'गूळवाली आहे.' आई म्हणती, मग मीबी म्हणलं, व्हय की बाई, करकंबचा गूळ हाय, पसंत पडला तर ठिवा. तर मास्तरीणबाई लागल्या भाव करायला. मीबी भाव चढवला. साहेबीणबाई म्हणाल्या, घ्या हो, गूळ चांगला दिसतोय. आईनं हे सगळं गंमत म्हणून लिवलंय. म्हणती, तुजी नणंद लई हुशार हाय.

वन्सं, ह्या महिनाभर मी एकच इचार करत हुते. ह्यांच्या तोंडात आया ह्यो शबुद एवढ्या लवकर आला कसा? घाबरून माणूस चुकतं, पण असं तयार वाक्य कसं निघतं? आईचं पत्र वाचलं आणि कळलं. ह्यांना कुणी वाढवलं ते मी इसरलेच हुते.

बोटीचं ह्यांनी ठरवलंय तसं करीन. गावात मी काय सांगायचं, तेवढं तुमीच ठरवून कळवा. एवढं सगळं ठरवून दिलंत, हेबी द्या.

सरू


सोलापूर, २ सप्टेंबर

सरू,

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. मधल्या सुट्टीत वर्गात बसून वाचलं. वाचून झालं आणि मान वर केली तर फळ्याच्या वर ते पाचजण. इतकी वर्षं मुलींना सांगत आले, बघा, पाच पदाधिकारी बसले आहेत. ते कुणाकडे तरी बघताहेत, हे मला कधी दिसलं नाही. त्या दिवशी दिसलं. मी खुर्ची फिरवून बसले. पुढचा तास दुसऱ्या बाईंना दिला, डोकं दुखतं म्हणाले.

तुझ्या आईनं जे लिहिलंय ते खरं आहे. एक अक्षर जास्त नाही. उलट कमीच आहे. तिनं हे लिहिलं नाही की, मला बघून ती दारातून 'विजाताई' म्हणून हसत पुढे आली होती, आणि मी 'गूळवाली' म्हणाल्यावर ते हसू तिनं कसं चटकन आवरलं. बाजारातल्या बाईसारखी ढेप जमिनीवर ठेवून उकिडवी बसली. मी भाव का करायला लागले ते मला विचारू नकोस. एकदा खोटं बोललं की ते खरं दिसावं म्हणून माणूस काय काय करतं! ती ढेप अजून घरात आहे. मला फोडवत नाही.

गेल्या रविवारी मोटारीनं करकंबला गेले. पाय धरायचे, असं मनाशी घोकत गेले होते, तू ते इंग्रजी वाक्य घोकलं असशील तसंच. पण तुझ्या आईनं मला बोलूच दिलं नाही. मी 'त्या दिवशी शाळेत' एवढं म्हटलं आणि ती म्हणाली, 'असूं द्या की ताई. नोकरीच्या माणसाला काय काय करावं लागतं. आमाला काय कळत न्हाय व्हय?' आणि भाकरी थापायला बसली.

तेवढ्यावर सुटले असते तर बरं झालं असतं. जेवण झाल्यावर तिनं माझा हात धरला आणि मला गावात घेऊन निघाली. एकही घर सोडलं नाही गं. निंगव्वा कासारणीकडे, पाटलांकडे, देवळाच्या पुजाऱ्याकडे. प्रत्येक दारात मला पुढे करून म्हणायची, 'ही माझ्या रंभीची नणंद. सोलापुरात मास्तरीण हाय. रंभीला ह्यांनीच घडवली. मुद्दाम मला भेटाय आली बघा.' बायका मला बघायला उंबऱ्यात गोळा होत होत्या. कुणी कुंकू लावायला पुढे आली, मग माझं कपाळ बघून थबकली, तर तुझी आई म्हणाली, 'गूळ द्या हातावर, गुळाला कसला विटाळ?' प्रत्येक घरात मी गूळ खाल्ला. मान वर करून मला एकीकडेही बघता आलं नाही.

तुझं नाव सरोजिनी मी ठेवलं होतं, लग्नात. रंभा चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून. गावात त्या दिवशी सगळे रंभा, रंभा करत होते आणि मला क्षणभर कळेना, कुणाबद्दल बोलताहेत.

गावात काय सांगायचं म्हणून विचारलंस. काही सांगायची वेळ येणार नाही. कमळूला याच डाकेनं लिहिलंय. त्यात तुला दोष नाही, त्यालाही फारसा नाही. मी लिहिलं, हे तू माझ्याकडूनच शिकलास, आणि मला शिकवायचा हक्क नव्हता, म्हणून आता विसर. तिला एकटीला परत पाठवलंस तर स्टेशनवर मी तुला घ्यायला येणार नाही, कधीच.

तुझी क्षमा मागायची म्हणजे परत तुझ्यावरच ओझं. तेव्हा मागत नाही. मला लाज वाटते, एवढंच तुला कळू दे. तू काही ठरवून देशील तर मी तसं वागेन.

विजयमाला


हार्लेम, ३० सप्टेंबर

ती. वन्संच्या पायावर डोकं.

सप्टेंबरची बोट गेली. मी तिच्यात न्हाय.

तुमचं पत्र आल्यावर ह्यांनी ते चारदा वाचलं. जेवले न्हाईत. मग एके दिवशी कंपनीतनं आले ते टोपी हातात घिऊनच, म्हणाले, साहेबांना सांगून आलो. काय सांगितलं म्हणलं, तर म्हणाले, ती माझी बायको हुती म्हणून. साहेब काय म्हणाले ते मी विचारलं न्हाय. ह्यांचं तोंड बघूनच कळलं. तवापास्नं हे माझ्याशी बोलताना खाली बघत्यात. मी म्हणलं, असूं द्या. हुईल हळूहळू.

मला तेवढ्यानं बरं वाटलं असं खोटं लिहीत न्हाय. अजून रातच्याला आठवतं आणि कानशिलं तापत्यात.

म्हणून मी परत गेले. मोठ्या म्युझियमात, एकटी. गाडीचं तिकीट मीच काढलं, बोटानं दाखवून. नऊवारी नेसून गेले आणि डोक्यावर पदर घिऊन. त्याच दारात उभी ऱ्हायले. पाचीजण बघितले. मी म्हणलं, बघा किती बघायचं ते. मागं सरले न्हाय. आत गेले, अगदी पुढ्यात.

तुमची तसबीर तपकिरी हाय वन्सं. खरं चित्र तसं न्हाय. मेजावरचा गालिचा तांबडा हाय, असा की हात लावला तर ऊन लागंल.

आणि आणखी एक. तितं पाच न्हाईत, सहा हायत. मागच्या बाजूला एक उघड्या डोक्याचा माणूस उभा हाय. बाकी सगळ्यांना टोप्या, त्याला न्हाय. राखणदाराला मी बोटानं विचारलं, तर त्यानं झाडू मारून दाखवला आणि हसला. म्हणजे तो गडी हाय त्यांचा. त्याला कुणी भायेर काढलं न्हाय. मालकांच्या बरोबर चित्रात घेतलाय, आणि तोबी सरळ बघतोय. तितं मातर मला रडू आलं. आया म्हणून का हुईना, पण मला खोलीत तर घ्यायचं हुतं.

मग तुमचं ते वाक्य मी त्यालाच म्हणून दाखवलं. व्हेरी फाइन कलर्स. एकदाबी चुकले न्हाय.

तुमी म्हणालात, तू काही ठरवून दे. आता ऐका. आमी दोघं डिसेंबरात निघतो, ह्यांचं शिक्षण तवर पुरं हुतं. मुंबईसनं सकाळच्या मेलनं सोलापुरात उतरू. तुमी आधी करकंबला जायचं आणि आईला घिऊन यायचं. तिला चांगलं लुगडं नेसायला सांगू नका, ती नेसंल ते नेसू द्या. शाळेतल्या बाया, हेडबाई, कुणी यायचं म्हणतील त्यांनाबी येऊ द्या, त्यांना सुसंस्कृत भावजय बघितल्याचं समाधान लाभंल. आईला मागं उभी करायची न्हाय. तुमच्या शेजारी, हात धरून. तिनं जसा तुमचा धरलावता तसा.

आणि कुणीतरी इचारणारच, ही कोण म्हणून. तवा येळ लावू नका वन्सं. तुमी जरा जरी थांबलात तर आई तुमाला सांभाळून घ्यायला स्वतःच कायतरी बोलून मोकळी हुईल, तिला ती सवय हाय. तिनं तोंड उघडायच्या आत तुमी बोला.

तुमची रंभा